रोजच्या वापराला जुन्या धाटणीची इटालियन मोटारसायकल, कोकणात झेपेल का?

फेरीबोट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. घर गुहागर तालुक्यात, नोकरी दापोलीला. रोज सकाळी धोपाव्याला बोटीत गाडी चढवायची, दाभोळला उतरायचं, पुढे दापोली. जाऊन येऊन ८० किलोमीटर धरा, महिन्याचे २५ दिवस, पाऊस असो की शिमगा. आत्ता दहा वर्षं जुनी १२५ आहे, तिने एकदाही वाटेत टाकलेलं नाही. पण मला आता अशी गाडी हवीय की सकाळी चावी फिरवताना बरं वाटेल. गोल हेडलाईट, मोठी टाकी, उघडं इंजिन, प्लास्टिक कमी.

इटालियनच का? पुण्यात भावाच्या सोसायटीत एकाकडे मोटो गुझी व्ही-७ आहे, ८५०वाली. त्याने चालू करून दाखवली. जागेवर उभी असताना ॲक्सिलरेटर दिला की अख्खी गाडी उजवीकडे झुलते, गोठ्यातलं जनावर कूस बदलतं तशी. ते बघून आलो तो अजून तिथेच अडकलोय. आणि तो माणूस ती विकतोय.

डोक्यात चार आहेत : ती वापरलेली व्ही-७, वापरलेली डुकाटी स्क्रॅम्बलर, मोटो मोरिनीची सेईमेझो ६५०, आणि सगळ्यात स्वस्त बेनेली इम्पीरियाले ४००. आंब्याचे दोन हंगाम चांगले गेले, त्यामुळे दहा लाखापर्यंत जमेल. बायको आठवड्यातून तीनदा मागे बसते, शाळेत शिकवते, साडी असते. रोज चालवायचीय, रविवारपुरती नाही. सांगा.

मालवणी_खाजा
गाडी ठेवतलंस खंय, ता आधी सांग. बाकीचा मागसून.

फेरीबोट
पडवीत. वर कौलं, दोन बाजूंनी भिंत. समुद्र सरळ रेषेत अर्धा किलोमीटर.

काजूबोंडू
गुझीची दोन्ही सिलिंडरं बाहेर आलेली असतात ना? दाभोळच्या बाजारातून येताना दोन्हीकडे एकेक पिशवी अडकवता येईल, घरी पोचेपर्यंत म्हावरं निम्मं शिजलेलं :)

जांभा
रत्नागिरीत बावीस वर्षं गॅरेज आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. दादा तू गाड्यांची नावं विचारतोयस पण आपल्याकडे पहिला प्रश्न खाऱ्या हवेचा. किनाऱ्यावरची गाडी आणि साताऱ्याची गाडी, दोन्ही एकाच वर्षाच्या, माझ्यासमोर आणून उभ्या करा, डोळे मिटून हात फिरवून सांगेन कुठली कुठली. आधी जातात स्पोक आणि त्यांची निपलं, मग सायलेन्सरचे नट, मग कॅलिपरच्या पिना, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वायरिंगचे कनेक्टर. गंज बाहेर दिसतो तेव्हा माणूस पुसतो. कनेक्टरमध्ये हिरवं धरलं की दिसत नाही, मग एका सकाळी गाडी बोटीवर बंद पडते आणि मागचा टेम्पो हॉर्न मारत बसतो.

आणि चेन. पावसाळ्यात रोजचे ८० किलोमीटर, वरून बोटीच्या डेकवरचं खारं पाणी, म्हणजे दर दोन दिवसांनी चेन धुऊन तेल देणं आलं. एखाद दिवस कंटाळा केला की तिसऱ्या दिवशी चेन तांबडी. चौघींपैकी तिघी चेनवाल्या. गुझीला चेनच नाही, शाफ्ट आहे, म्हणजे मागचं चाक फिरवणारा दांडा, बंद नळीतला. माझ्यासाठी विषय तिथेच संपतो. साडीचाही अर्धा प्रश्न त्यातच सुटला, पदर अडकायला चेन-स्प्रॉकेट नाही. चाकासाठी साडीगार्ड लावायचाच, तो आपल्याकडे नियमातच आहे, बाहेरून आलेल्या गाडीला नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून स्टीलचा करून घे.

एकच अट. व्ही-७ मध्ये स्टोनला अलॉय चाकं येतात, स्पेशलला स्पोक. स्पोक फोटोत फार सुंदर दिसतात, पण तू अलॉय घे.

घाटउतार
जांभाशेठ, मान आहे तुम्हाला पण मी पूर्ण असहमत. शाफ्ट चांगला, मान्य. पार्ट कुठून आणणार? गुझी आपल्या देशात मोजक्याच आहेत. मी चिपळूणला असतो, माझ्याकडे तीन वर्षं एक बाहेरून आलेली गाडी होती, कंपनीचं नाव घेत नाही. जुलैत एक साधा सेन्सर गेला, हाताच्या अंगठ्याएवढा. सात आठवडे गाडी पडवीत. त्या सात आठवड्यांत मी एसटीने कामावर गेलो आणि रोज घरी येऊन तिच्यावरची धूळ पुसली. शेवटी टेम्पोत घालून घाट चढवून नेली तेव्हा टेम्पोचं भाडं पार्टपेक्षा जास्त झालं. गाडीवर माझं प्रेम होतं हो, अजूनही आठवण येते. पण ज्या माणसाला सकाळी आठची बोट पकडायचीय त्याने ही जोखीम घेऊ नये.

आणि वजन बघा. व्ही-७ पेट्रोल-तेलासकट २१८ किलो. १२५ वरून थेट २१८.

वाऱ्यावरची
मी अलिबागला, चार वर्षं स्क्रॅम्बलर चालवतेय, आधी तिच्याबद्दल सांगते कारण यादीत आहे. ८०३ सीसी, एअर-कूल्ड, बसायला सोपी, हँडल रुंद, रेवदंड्याच्या अरुंद गल्लीतसुद्धा वळते. हलकी वाटते. इंजिनाचा आवाज ऐकून माझा मुलगा गेटपर्यंत धावत येतो. डुकाटीने पहिली स्क्रॅम्बलर १९६२ मध्ये अमेरिकेसाठी काढली होती, आताची २०१५ पासूनची, धाटणी तीच ठेवलीय.

पण फेरीबोटदादा, तुमचा हिशेब वेगळा आहे. डुकाटीचे व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद होत नाहीत, उघडायला एक कॅम आणि बंद करायलाही कॅमच, त्याला डेस्मो म्हणतात. त्याची तपासणी १२,००० किलोमीटरला. माझं वर्षाचं रनिंग पाच हजारसुद्धा होत नाही, म्हणून मला ते कधी जड गेलं नाही. तुमचे महिन्याला २,०००. म्हणजे दर सहा महिन्यांनी डेस्मो सर्व्हिस, तीही मुंबई किंवा पुण्याला, गुहागरहून. दोन वर्षांत चार वेळा. माझी गाडी मला जिवापाड आवडते, तरी तुम्हाला रोजच्यासाठी घ्या असं मी म्हणणार नाही. टाकीही साडेतेरा लिटरचीच आहे.

फेरीबोट
ताई, हा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद. स्क्रॅम्बलर यादीतून काढली, मन घट्ट करून.

सुका_बोंबील
मुळात इटालियन इटालियन काय चाललंय. बेनेली २००५ पासून चीनच्या कंपनीची, मोरिनी २०१८ पासून चीनची, डुकाटी २०१२ पासून जर्मनांची आणि आपल्याकडच्या स्क्रॅम्बलर थायलंडहून येतात. टाकीवरचं नाव सोडलं तर इटलीचं काय उरलं?

हापूस_नव्हे_पायरी
बोंबीलराव, कलम रत्नागिरीचं, माती कर्नाटकातली, तर आंबा कुणाचा? या प्रश्नावर आपल्याकडे भाऊ भावाशी बोलत नाही आणि तुम्ही मोटारसायकलवर आलात :)

पण मुद्दा खरा आहे, म्हणून गंभीरपणे. माझ्या आतेभावाकडे इम्पीरियाले आहे, देवरुखला, मी बरीच चालवलीय. ३७४ सीसी, एकच सिलिंडर, एअर-कूल्ड, २१ एचपी. चीनच्या कंपनीची आहे आणि तरीही गाडी प्रामाणिक आहे. साठच्या वेगात बसून राहा, मागच्याला त्रास नाही, इंजिन सरळ. बेनेली मूळची पेझारोची, १९११ ची, एका विधवा आईने सहा मुलांना धंदा हवा म्हणून काढून दिलेलं गॅरेज. ती आई मला फार आवडते. आपल्याकडे अशाच आयांनी मुलांना टेम्पो घेऊन दिलेत.

नवीन घेताना एक गंमत लक्षात घ्या. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्याहून मोठ्या गाडीवर ४०. इम्पीरियाले ३७४. चोवीस सीसीने पलीकडे गेली. म्हणून वापरलेलीच बघा.

सुका_बोंबील
आईची गोष्ट माहीत नव्हती. आवडली. तरी माझं मत तेच.

दर्यावर्दी
मर्चंट नेव्हीत आहे, गाव दाभोळजवळच, म्हणजे फेरीबोट आणि मी एकाच खाडीचं पाणी प्यायलोय. गुझीबद्दल लिहायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी जहाज जेनोवात दुरुस्तीला लागलं होतं, आठवडाभर मोकळा होतो. ट्रेनने कोमो तलावाच्या काठी मान्देल्लो देल लारियोला गेलो, जिथे गुझी १९२१ पासून बनते, त्याच जागेत. मागे सरळसोट डोंगर, पुढे पाणी, मला तर आंबोलीच्या खाली समुद्र आणून ठेवल्यासारखं वाटलं. १९५० मध्ये त्यांनी तिथे मोटारसायकलींसाठी वाऱ्याचा बोगदा बांधला, हवा अंगावरून कशी जाते ते बघायला.

आणि खलाशाला अभिमान वाटेल अशी गोष्ट : ही कंपनी जहाजाच्या पैशावर उभी आहे. पहिल्या महायुद्धात कार्लो गुझी आणि जॉर्जो पारोदी विमानदळात एकत्र होते, सोबत जोव्हानी रावेल्ली नावाचा वैमानिक मित्र. तिघांनी ठरवलं होतं की युद्ध संपलं की मोटारसायकली काढायच्या. रावेल्ली १९१९ मध्ये विमान अपघातात गेला. पारोदीचे वडील जेनोवाचे जहाजमालक, त्यांनी पहिले पैसे दिले. टाकीवरचा गरुड आहे तो रावेल्लीच्या आठवणीसाठी. व्ही-७ हे नाव १९६७ चं, ७०३ सीसी. मी तिथून परत जेनोवाला आलो आणि बंदराच्या रस्त्यावर बघितलं, लोक जुन्या गुझी घेऊन कामावर येतात, डब्याची पिशवी हँडलला. समुद्र त्यांच्याकडेही आहेच.

आता घाटउतारना उत्तर. पार्टचा मुद्दा बरोबर आहे, तो मी खोडत नाही. पण काय बिघडतं तेही बघा. व्ही-७ चं इंजिन एअर-कूल्ड, म्हणजे रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होज नाही. सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, पुशरॉडवाले, त्यांची फट (टॅपेट) स्क्रू आणि लॉकनटने जुळवायची. आणि हेड बाहेर आलेली. टाकी काढायला नको, काही नको, चार बोल्ट काढले की झाकण हातात. काजूबोंडू ज्यावर पिशव्या अडकवतायत तेच तिचं सगळ्यात मोठं सुख आहे. दर १०,००० ला टॅपेट बघायचे म्हणजे फेरीबोटच्या हिशेबाने पाच महिन्यांनी एकदा, आणि ते पुण्याला न जाता पडवीत स्टुलावर बसून होतं. मी जहाजावर इंजिनरूममध्येच असतो, सुट्टीवर आलो की शिकवीन.

जांभा
दर्यावर्दींनी माझं काम हलकं केलं. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि दोन पाने, बस. जो माणूस आंब्याची कलमं स्वतः बांधतो त्याला टॅपेट येणार नाही असं मी मानत नाही.

सेन्सरचा घाटउतारांचा अनुभव मात्र ऐकण्यासारखा आहे. घेतल्याच्या पहिल्या महिन्यात हे आणून फडताळात ठेव : क्लच केबल, दोन ऑईल फिल्टर, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग, रिले, फ्यूज. आणि प्रत्येक कनेक्टर उघडून आत डायइलेक्ट्रिक ग्रीस, पाणी अडवणारं. एक अख्खा रविवार जाईल, पण दहा वर्षं जगेल.

चाळीशीतला_चालक
पावसाळ्याआधी खालून जळकं ऑईल मारतो आम्ही सगळ्या गाड्यांना. आमचे वडीलही मारायचे. काही होत नाही गंज बिंज.

जांभा
जळकं ऑईल मारू नका हो. रबराचे बूश आणि सील फुगतात, ब्रेकवर गेलं तर जीव जाईल, आणि पहिल्या पावसात ते सगळं अंगणातून विहिरीकडे जातं. गोड्या पाण्याची बादली हाच खरा उपाय. घरी आल्यावर पाच मिनिटं, जोरात फवारा नाही, नुसतं ओतायचं, मग कोरडं फडकं, मग आठवड्याने गंजरोधक तेलाचा हलका स्प्रे.

चाळीशीतला_चालक
विहिरीचं लक्षात नव्हतं आलं. बंद करतो.

पडाव
थोडं विषयांतर. इटालियन रेट्रो म्हणता तर स्कूटर का नाही? आमच्याकडे आजोबांची लँब्रेटा आहे, साठच्या दशकातली, मुंबईत बनलेली. चालू आहे. हिलाच रोज काढावी असं मनात येतं. विंटेज म्हणून नोंदवून टाकू का?

वाऱ्यावरची
रोज चालवायची असेल तर विंटेज नोंदणी अजिबात नको! २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, फी २०,०००, नंबरात व्हीए अक्षरं येतात, पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल असल्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. कामाला नेता येत नाही. जुनीच नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहा.

आणि ई-२० पेट्रोलची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्याची, काळजी घ्या. कार्ब्युरेटरचं जुनं रबर, डायफ्रॅम, पेट्रोलची नळी, हे सगळं इथेनॉलने लवकर खराब होतं. वर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे जुलैत हवा म्हणजे पाणीच. उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचतं. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला.

पडाव
अरे बापरे, वाचलो. उद्याच आरटीओत जाणार होतो. आभार ताई.

घाटउतार
व्ही-७ लासुद्धा ई-२० चा प्रश्न येईलच की, युरोपातल्या गाड्या ई-१० वर बेतलेल्या असतात.

जांभा
येईल. पण रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल शिळं होत नाही, २१ लिटरची टाकी पाच-सहा दिवसांत रिकामी होणार. पेट्रोलच्या नळ्या आणि ओ-रिंग दर दोन वर्षांनी बदलायच्या, ते खर्चात धरून चालायचं.

सड्यावरचा
सेईमेझोबद्दल कोणीच बोललं नाही. ६४९ सीसी, दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारी. चांगली पळते, दिसायला देखणी, राजापूरला एकाकडे बघितली. पण मला ती रेट्रोपेक्षा आजचीच वाटली, धागाकर्त्याला जे झुलणं हवंय ते तिच्यात नाही.

भरती_ओहोटी
मी धोपाव्यालाच राहतो. सगळे गंज, चेन, पार्ट बोललात, पण रोजच्या वापरातली खरी जागा राहिली. जेटीचा उतार! भरतीला बोटीचं फाळकं (गाड्या चढवायची फळी) जवळजवळ सपाट येतं. ओहोटीला, त्यातून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी एवढं खाली जातं की उतार उभा होतो आणि खालचा भाग शेवाळलेला असतो. १२५ घेऊन पाय टेकवत जाता येतं. २१८ किलोची गाडी एकदा कलली की माणूस धरू शकत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक मोठी गाडी आडवी झालीय, चालवणारा चांगला तयार होता.

उपाय सांगतो. विकत घ्यायच्या आधी तेवढ्याच वजनाची कुणाची तरी गाडी आठ दिवस माग. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० साधारण त्याच वजनाची आहे. अमावास्येचा आठवडा धर, ओहोटीच्या वेळच्या फेऱ्या धर, आणि वहिनींना घेऊन जा. मग इथे ये.

मालवणी_खाजा
ह्यो खरो सल्लो.

काजूबोंडू
+१. बाकी नारळाखाली लावू नको एवढंच माझ्याकडून. आमच्या शेजाऱ्याच्या टाकीला नारळाएवढा खड्डा आहे, आणि इटालियन टाकी गुहागरात मिळायची नाही.

फेरीबोट
सगळे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. भरती_ओहोटी, तुम्ही म्हणता तसंच करतो. मेहुण्याकडे इंटरसेप्टर आहे. अमावास्या पुढच्या आठवड्यातच आहे.

फेरीबोट
आलो. सहा दिवस केलं, आज सविस्तर लिहितो.

पहिले दोन दिवस भीती. चढताना नाही, उतरताना. दाभोळला फाळकं उतरलं, पुढे ओला चढ, मागे रिक्षा, आणि हाताखाली एवढं लोखंड. दुसऱ्या दिवशी ओहोटीला धोपाव्याच्या बाजूला मागचं चाक शेवाळावर सरकलं, गाडी वीतभर बाजूला गेली, पाय टेकला म्हणून सावरली. त्या रात्री मी घरी सांगितलं की गुझी राहू दे. बायको म्हणाली अजून चार दिवस आहेत ना, पूर्ण कर. तिसऱ्या दिवशी बोटीवरच्या खलाशाने सांगितलं की मधून नको येऊस, मधे गाड्यांच्या चाकांचं तेल आणि शेवाळ असतं, उजव्या कडेला सिमेंट खरबरीत आहे तिथून ये, आणि पहिल्या गिअरवर न थांबता. तिथून पुढचे चार दिवस एकदाही सरकली नाही. बायको ओहोटीला उतरून चालत जाते, वर येऊन बसते. ती म्हणाली १२५ वर पाठ दुखायची ती या आठवड्यात दुखली नाही.

तर वजन जमतंय, फक्त जागा माहीत हवी. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र उधाणाच्या दिवशी १२५ च नेणार. ती विकत नाहीये. काल पुण्याच्या मालकाशी बोललो. स्टोन आहे, अलॉय चाकं. टोकन दिलं. पुढच्या शनिवारी कुंभार्ली घाटाने घेऊन उतरतोय.

दर्यावर्दी
वा! एक लक्षात ठेव, गुझीचा क्लच कोरडा आहे, मोटारीसारखा. जेटीच्या चढावर अर्धा दाबून घासवत बसलास तर जळेल. खलाशी बरोबर बोलला, न थांबता वर यायचं. मी डिसेंबरात येतोय, तोपर्यंत टॅपेटना हात लावू नको.

घाटउतार
माझं मत अजून बदललेलं नाही, पण तुम्ही आठवडाभर करून बघितलंत याचा मनापासून आनंद झाला. शनिवारी चिपळूणला चहाला थांबा. घाट उतरून आल्यावर पहिलं घर माझंच म्हणा. आणि कधी टेम्पो लागलाच तर माझ्याकडे त्याचा नंबर आहे, माणूस गाडी बांधतो चांगली.

जांभा
रविवारी सगळे कनेक्टर उघडायचे आहेत, मी ग्रीस घेऊन येतो. पडवीत दिव्याची सोय कर, संध्याकाळ होईल.

भरती_ओहोटी
सोमवारी आठच्या बोटीला धोपाव्याला उभा आहे. उजव्या कडेने या.